आप्त कोण? लग्नाच्या व्यवसायातलं लिखाण आणि त्याचा वाचक



आज समोर नेहमीच्या श्रोत्यांबरोबर काही नवी मंडळी आहेत. मंगल कार्यालय चालवणारे आहेत, केटरर आहेत, मांडव आणि सजावटीची कामं घेणारे आहेत, फोटोग्राफर आहेत. आजचा विषय त्यांनीच सुचवला. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही आमच्या कामाबद्दल लिहितो, पत्रकं काढतो, फोनवरून मजकूर पाठवतो, पण तो कोणी वाचत नाही. वाचक वाढवायचा कसा?

हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या मास्तराला का विचारावा, असं काहींच्या मनात येईल. पण बघा, लोकांनी दुसऱ्याचं वाचावं आणि वाचलेलं खरं मानावं, हे कधी घडतं, या प्रश्नावर आपल्याकडे दीड-दोन हजार वर्षं विचार झालेला आहे. नैयायिकांनी प्रमाणं चार मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. मग आप्त कोण? वात्स्यायनाने न्यायभाष्यात त्याचं उत्तर दिलंय. ज्याला गोष्ट स्वतः माहीत आहे, आणि जशी माहीत आहे तशीच ती दुसऱ्याला सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो असंही म्हणतो, की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू आहे. म्हणजे आप्तपण जन्मावर किंवा पदवीवर अवलंबून नाही. ते ज्ञानावर आणि हेतूवर अवलंबून आहे. तेव्हा पंगत वाढणारा आचारीसुद्धा आप्त होऊ शकतो. फक्त त्याने या दोन अटी पाळायला हव्यात.

आता तुमचं लिखाण या कसोटीवर लावून पाहू. पहिली अट, ज्ञान. ती तुमच्याकडे भरपूर आहे. चारशे माणसांना किती तांदूळ लागतो, पावसाळ्यात मांडवाला कुठे पाणी साठतं, मुहूर्त साडेबाराचा असेल तर जेवणं किती वाजता आटोपतात, हे तुम्हाला जितकं ठाऊक आहे तितकं कोणत्याही प्राध्यापकाला नाही. अडचण दुसऱ्या अटीची आहे. जे माहीत आहे ते तसंच सांगायची इच्छा. तुम्ही लिहिता काय? ‘आपल्या स्वप्नातला सोहळा’, ‘अविस्मरणीय क्षण’, ‘वाजवी दर’. यात सांगितलं काय? वाजवी म्हणजे किती, हेच तर वाचकाला हवं होतं.

अ‍ॅरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरच्या ग्रंथात हीच गोष्ट थोडी निराळी मांडली. बोलणाऱ्यावर विश्वास बसायला तीन गोष्टी लागतात: व्यवहाराची समज, चांगलं चारित्र्य आणि ऐकणाऱ्याविषयी सद्भाव. तिन्हींपैकी एक जरी नसेल तरी माणूस बरोबर सल्ला देत नाही. समज आहे, पण सद्भाव नाही, अशी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांना सगळं कळतं, आपल्याला मात्र ते सांगत नाहीत.

लग्नाच्या बाबतीत ही गोष्ट इतकी गंभीर का होते? कारण इथला गिऱ्हाईक बहुधा पहिल्यांदाच खरेदी करतो. किराणा दुकानदाराने खराब डाळ दिली तर पुढच्या महिन्यात आपण दुकान बदलतो. लग्नात पुढचा महिना नसतो. बापाने भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढलेले असतात, क्वचित कर्ज असतं, आणि दिवस एकच. त्या दिवशी जेवण कमी पडलं तर पैसे परत मिळून भागत नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. २००१ साली त्याला नोबेल मिळालं, त्यात या विचाराचा मोठा वाटा होता. मुद्दा साधा आहे. मालाचा दर्जा विकणाऱ्याला कळतो आणि घेणाऱ्याला कळत नाही, तेव्हा घेणारा सगळ्याच मालाला मधली किंमत द्यायला तयार होतो. त्या किमतीत चांगला माल देणं परवडत नाही. मग चांगला विक्रेता हळूहळू बाजारातून बाहेर पडतो, आणि वाईट तेवढा उरतो.

हे नीट लक्षात घ्या, कारण आजच्या विषयाची किल्ली इथे आहे. गिऱ्हाईकाचं अज्ञान कोणाच्या फायद्याचं? वाईट काम करणाऱ्याच्या. चांगलं काम करणाऱ्याचं त्यात नुकसानच होतं, कारण त्याला फक्त दरावर तोलतात. म्हणून वाचकाला शहाणं करणारं लिखाण हा चांगल्या व्यावसायिकाचा स्वार्थच आहे. इथे धर्म आणि अर्थ एका दिशेला जातात. असं नेहमी होत नाही. होतं तेव्हा संधी सोडू नये.

एक उदाहरण घेऊ. बऱ्याच ठिकाणी केटरर ‘कमीत कमी ताटांची हमी’ मागतो. समजा ताटाचा दर ३०० रुपये आणि हमी ४५० ताटांची. जेवायला आली ३८० माणसं. तरी पैसे ४५० ताटांचेच. न वाढलेल्या ७० ताटांचे २१,००० रुपये गेले. यात फसवणूक नाही, कारण केटररने शिधा आणि माणसं त्या हिशोबाने लावलेली असतात. पण वधूपक्षाला हे बिल हातात आल्यावर कळलं, तर त्यांना ती फसवणूकच वाटणार. हेच तुम्ही आधी सरळ लिहून ठेवलंत, की हमी म्हणजे काय, ती का मागतो, आकडा कधीपर्यंत बदलता येतो, तर तो मजकूर लोक वाचतील, जपून ठेवतील आणि पुढच्या घरी पाठवतील. तसंच कार्यालयाचं. भाड्यात वीज आहे का, जनरेटर वेगळा का, सफाईचे पैसे कोणाचे, आचारी त्यांचाच घ्यावा लागतो का, तारीख रद्द केली तर इसार किती परत मिळतो. प्रत्येक प्रश्न म्हणजे एक लेख आहे.

आता इतिहासातले दोन दाखले देतो. आपल्या महाराष्ट्रातला पहिला. किर्लोस्करवाडीला लोखंडी नांगर बनत. त्या कारखान्याचं घरगुती पत्र म्हणून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. नुसती नांगराची जाहिरात छापत राहिले असते तर दोन अंकांत संपलं असतं. त्यांनी वाचकाच्या आयुष्याकडे पाहिलं. उद्योग, सुधारणा, घर, स्त्रियांचे प्रश्न हे सगळं त्यात आलं. त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० साली ‘स्त्री’ निघालं, १९३४ साली ‘मनोहर’. नांगर विकत न घेणारी माणसंही हे वाचत होती. दुसरा दाखला फ्रान्समधला. मिशेलिन ही टायर बनवणारी कंपनी. १९०० साली तिने मोटार चालवणाऱ्यांसाठी एक छोटं पुस्तक फुकट वाटलं. त्यात टायर कसा बदलायचा, इंधन कुठे मिळेल, मुक्काम कुठे करता येईल, ही माहिती होती. टायर झिजायचा तर माणसाने प्रवास करायला हवा, आणि प्रवास करायचा तर माहिती हवी, हे त्यांनी ओळखलं. दोन्हीकडे सूत्र एकच. आधी वाचकाची अडचण, मग आपला माल.

लग्नघराची अडचण काय असते? इथे नैयायिकांचा आणखी एक शब्द उपयोगी पडेल, ‘आकांक्षा’. वाक्यातलं एक पद ऐकलं की दुसऱ्याची अपेक्षा निर्माण होते, त्याशिवाय अर्थ पुरा होत नाही. वाचकाचंही तसंच आहे. त्याच्या मनात एक अर्धं वाक्य आधीच असतं. ते पुरं करणारा मजकूर तो शोधून वाचतो. ही अर्धी वाक्यं तुम्हाला रोज ऐकायला मिळतात, समोर बसून गिऱ्हाईक विचारतं तेव्हा. एक वही ठेवा आणि विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. महिनाभरात वर्षाचे विषय मिळतील.

उदाहरणार्थ, नोंदणी विवाह. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली आधी नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकाचं तरी त्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग ३० दिवस वास्तव्य हवं. नोटीस प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं, लग्नाला तीन साक्षीदार लागतात, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस पुन्हा द्यावी लागते. आता विचार करा, मुलगा परदेशात, सुट्टी तीन आठवड्यांची, हॉल ठरला, इसार दिला, आणि मग हे कळलं. कोणी आधी सांगितलं असतं तर? ते सांगणारे तुम्ही व्हा.

दुसरं, काळ-वेळ. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास, मग तुळशीचं लग्न लागलं की आपला हंगाम सुरू. म्हणजे तुम्हाला फुरसत चातुर्मासात, आणि लोकांची शोधाशोधही त्याच दिवसांत. लिहायचं तेव्हाच. हंगामात तुम्हाला वेळ नसतो आणि वाचकाचं ठरून गेलेलं असतं. २०२६ साली १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. मुहूर्त पाहणारी घरं अधिक मासात लग्न करत नाहीत, म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीतल्या तारखा कमी होतात. हे वेळेत लिहिलं तर उपयोग. मात्र सगळेच मुहूर्त पाहत नाहीत, हेही विसरू नका. सत्यशोधक पद्धतीने पहिलं लग्न १८७३ साली लागलं. बौद्ध विवाह आहेत, निकाह आहेत, चर्चमधली लग्नं आहेत. तुमचा वाचक एका पंचांगातला नाही.

तिसरं, वाचक टिकत नाही ही तक्रार. अहो, टिकणार कसा? लग्न लागलं की त्याचं काम संपलं. हा वाचक विहिरीसारखा नाही, ओढ्यासारखा आहे. पाणी सतत बदलतं. पण प्रत्येक कुटुंबात एक विचारण्याजोगं माणूस असतं. एखादी आत्या, एखादा मामा, ज्यांना सगळे विचारतात, ‘कार्यालय कोणतं घ्यावं हो?’ ते माणूस वर्षानुवर्षं टिकतं. मजकूर लिहिताना ते डोळ्यांसमोर ठेवा. त्याला तुमचा एक लेख पटला तर तो दहा घरांत जातो. आणि एक चुकीचं निघालं, तर तेही दहा घरांत जातं. म्हणून दर लिहिलात की त्याखाली तारीख लिहा, दर बदलला की जुना मजकूर दुरुस्त करा.

एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगतो. लग्नात काढलेले फोटो जाहिरातीत वापरताना त्या मुलीला, त्या मुलाला विचारता का? कांटचं म्हणणं होतं, की माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये, त्याचा साध्य म्हणूनही मान ठेवावा. पाठवणीच्या वेळी रडणारी मुलगी ही तुमच्या सजावटीची जाहिरात नव्हे. लेखी परवानगी घ्या, ‘नको’ म्हणाले तर पुन्हा विचारू नका. ज्या वाचकाला तुम्ही बोलावताय, तो उद्या त्याच खुर्चीत बसणार आहे. तो हे पाहत असतो.

शेवटी प्रश्नोत्तरांत विचारलेली एक शंका घेतो. एक केटरर म्हणाले, “सर, सगळं खरं लिहिलं तर लोक आमच्याकडून शिकतील आणि स्वस्तात दुसऱ्याकडे जातील.”

जातील की! काही नक्की जातील. पण त्या दुसऱ्याला ते तुमचेच प्रश्न विचारतील: हमी किती, जनरेटर कोणाचा, उरलेल्या अन्नाचं काय करता. त्यालाही मग नीट उत्तरं द्यावी लागतील. हळूहळू गावातल्या सगळ्याच बाजाराची पातळी थोडी वर येईल, आणि त्या बाजारात चांगलं काम करणाऱ्याला दरावर भांडावं लागणार नाही. म्हणून माझी कसोटी अशी आहे. लिहून झाल्यावर स्वतःला विचारा, हे वाचून हा माणूस माझ्याकडे आला नाही, तरी त्याचा फायदा झाला का? उत्तर ‘हो’ असेल तर तो मजकूर बाहेर पाठवा. ‘नाही’ असेल तर ती जाहिरात आहे. जाहिरात करायला हरकत नाही, पण तिला वाचक मिळेल अशी अपेक्षा धरू नका. जाहिरातीकडे लोक बघतात. वाचतात ते आप्ताचं.