डिझेलची गाडी थंडींत कां रुसते?

ऑक्टोबरची अखेर आली कीं लेह येथें रात्रीं पारा शून्याच्या खालीं उतरतो. समजा, खालच्या मैदानांत टाकी भरून वर आलेली एक डिझेल व्हॅन तेथें रात्रभर उघड्यावर उभी आहे. सकाळीं मंडळी शाली लपेटून आंत बसतात, चालक किल्ली फिरवितो, यंत्र कण्हतें, पण सुरू होत नाहीं. किल्ली पुन्हा फिरते, आणखी पुन्हा फिरते. दहाव्या खेपेस कण्हणेंहि थांबतें. आतां एका दोषाचे दोन झाले. मूळचा होता तो राहिलाच, शिवाय बॅटरीहि मेली. अशा वेळीं कोणीतरी सुचवितो, “टाकीखालीं थोडा जाळ करूं या!” आणि येथून पुढें गैरसोयीचा अनर्थ होण्यास फारसा वेळ लागत नाहीं.

हा अनर्थ टाळण्यासाठीं यंत्रशास्त्रांत पारंगत असावें लागतें असें नाहीं. डिझेलचें यंत्र पेटतें कसें, एवढें ध्यानांत असलें आणि किल्ली फिरवितांना कान व डोळे उघडे असले म्हणजे पुष्कळ झालें.

पेट्रोलच्या यंत्रांत ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेलच्या यंत्रांत ठिणगी मुळींच नसते. सायकलच्या चाकांत जोरानें हवा भरतांना पंपाचें बूड तापतें, हा अनुभव घरोघरच्या मुलांना आहे. हवा दाबली कीं तापते, हाच या यंत्राचा पाया होय. जर्मन यंत्रज्ञ रुडोल्फ डिझेल (१८५८–१९१३) यानें या तत्त्वावर अनेक वर्षें खटपट केली, आणि १८९७ मध्यें आउग्सबुर्ग येथें त्याचें यंत्र यशस्वी ठरलें. आजच्या गाड्यांत दट्ट्या नळकांड्यांतील हवा सुमारें १५ ते २० पट दाबतो. ती अतिशय तापते, आणि नेमक्या त्याच क्षणीं तुषारांच्या रूपानें आंत सोडलेलें डिझेल आपोआप पेट घेतें.

थंडीचा घाव बसतो तो येथेंच. २७ अंशांची हवा १८ पट दाबली तर ती अजमासें ५५० अंशांपर्यंत तापते. उणें २० अंशांची हवा तितकीच दाबली तर ४२० च्या आसपास राहते. बाहेरचा ४७ अंशांचा फरक आंत जाऊन सुमारें १३० अंशांचा होतो! आणि हा तर कागदावरचा हिशेब झाला. प्रत्यक्षांत नळकांड्याच्या गार भिंती ऊब शोषून घेतात, आणि यंत्र सावकाश फिरत असेल तर दाबलेली हवा दट्ट्याच्या कडेनें निसटतेहि. तुषारांना पेटण्यास मिळणारा अवधि सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांचाच. तेवढ्यांत पुरेशी ऊब न मिळाली तर ते पेटत नाहींत.

म्हणजे यंत्र सुरू होण्यास तीन गोष्टी लागतात: तें वेगानें फिरलें पाहिजे, डिझेल आंत पोंचलें पाहिजे, आणि पुरेशी ऊब निर्माण झाली पाहिजे. थंडी तिन्हींवर घाला घालते. यांपैकीं कोठें अडलें आहे हें ओळखण्याची युक्ति अगदीं साधी आहे.

पहिली परीक्षा कानाची. किल्ली फिरवितांच नुसता ‘टक्’ आवाज झाला, किंवा यंत्र जड पावलांनीं फिरूं लागलें, तर दोष बहुधा बॅटरीच्या बाजूचा समजावा. थंडीनें बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. उणें १८ अंशांस तिची शक्ति जवळजवळ निम्मी होते. त्याच वेळीं यंत्रांतील वंगण घट्ट झाल्यामुळें यंत्र फिरविण्यास नेहमींपेक्षां अधिक जोर लागतो. उत्पन्न निम्में आणि खर्च वाढलेला, अशी ही प्रपंचाची ओढाताण असते. प्रथम दिवे, पंखा वगैरे बंद करावे आणि बॅटरीचीं टोकें घट्ट व स्वच्छ आहेत कीं नाहींत तें पाहावें. दुसऱ्या गाडीची शक्ति उसनी घ्यावयाची असल्यास तारेचा शेवटचा चिमटा मेलेल्या बॅटरीवर न लावतां, तिच्यापासून दूर, यंत्राच्या उघड्या धातूस लावावा. कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायु ठिणगीनें भडकतो. पूर्ण उतरलेली बॅटरी उणें १० अंशांच्या सुमारास गोठूं शकते. फुगलेल्या किंवा गोठलेल्या बॅटरीस तारा मुळींच जोडूं नयेत.

दुसरी परीक्षा डोळ्यांची. यंत्र झपाट्यानें फिरत आहे, परंतु मागच्या नळींतून धुराचा लवलेश नाहीं, तर डिझेल आंत पोंचत नाहीं असें समजावें. हिवाळ्याच्या सकाळीं घरांतील खोबरेलाची बाटली थिजते, तोच हा प्रकार. डिझेलमध्यें मेणाच्या जातीचीं द्रव्यें असतात. गारठ्यांत त्यांचे बारीक कण होऊन फिल्टर बुजतो. भारतीय मानकाप्रमाणें सामान्य डिझेल गाळणींतून सुरळीत जाण्याची मर्यादा हिवाळ्यांत ६ अंशांपर्यंत व एरवीं १८ अंशांपर्यंत असली तरी चालते. मैदानांत तें पुरतें. लेहमध्यें कसें पुरावें? म्हणूनच इंडियन ऑइलनें नोव्हेंबर २०१९ मध्यें उणें ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारें हिवाळी डिझेल लडाखसाठीं आणलें.

फिल्टर बुजला असल्यास गरम पाण्यांत भिजवून पिळलेलीं फडकीं त्यावर गुंडाळावीं, मात्र विजेच्या जोडण्यांवर पाणी पडूं देऊं नये. फिल्टरच्या तळाशीं सांचलेलें पाणीहि गोठून वाट अडवितें. तें वेळच्या वेळीं काढून टाकावें. डिझेल थिजूं नये म्हणून मिळणारें औषध आधीं घातलें तरच उपयोगी पडतें. एकदां झालेलें मेण तें विरघळवीत नाहीं.

तिसरी परीक्षा धुराच्या रंगाची. यंत्र चांगलें फिरतें आणि मागून पांढरा, उग्र वासाचा धूर येतो, तर डिझेल पोंचतें आहे, पण पेटत नाहीं. हा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफच होय. येथें संशय ग्लो प्लगवर घ्यावा. हा प्लग ठिणगी पाडीत नाहीं. विजेच्या शेगडीच्या तारेप्रमाणें स्वतः लाल होऊन नळकांड्यांत ऊब पुरवितो. चालकासमोर वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारावा. पुष्कळ वेळां दोष या अधीरपणाचाच असतो. तसें करूनहि सुधारणा नसेल तर प्लग, त्याचा रिले व फ्यूज मिस्त्रीकडून तपासून घ्यावे. चारांतील एकच प्लग गेला असेल तर गाडी सुरू होते, पण प्रथम कांहीं वेळ थरथरते.

आतां कांहीं निषेध. टाकीखालीं जाळ करणें म्हणजे गाडीसह प्राणांचा जुगार होय; ज्वाळा रबरी नळ्यांपर्यंत पोंचली कीं ती आवरणारा कोणी नसतो. हवेच्या वाटेनें ईथर फवारूं नये. तापलेल्या ग्लो प्लगवर तें अवेळीं भडकून दट्ट्या फोडतें. डिझेलमध्यें रॉकेल मिसळणें बेकायदेशीर आहेच, शिवाय रॉकेलांत वंगणाचा गुण कमी असल्यामुळें किंमती पंप झिजतो. आणि बंद गॅरेजमध्यें यंत्र चालू ठेवून ऊब घेत बसूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण तो माणसास झोपेंतच संपवितो.

खरा उपाय आदल्या दिवशींचा आहे. थंड मुलुखांत पोंचतांच टाकी तेथील हिवाळी डिझेलनें भरून घ्यावी, आणि तें यंत्रापर्यंत पोंचेल इतकी गाडी चालवून मगच ती उभी करावी. निघण्यापूर्वीं बॅटरीची परीक्षा करावी, नवा फिल्टर बसवावा, आणि गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेलें थंडीचें वंगण घालावें. गाडी वाऱ्याच्या आडोशास, पण सकाळचें ऊन लागेल अशी उभी करावी.

आणि इतकें करूनहि गाडी रुसलीच, तर सेल्फ एका वेळीं दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारूं नये. दोन प्रयत्नांमध्यें एक-दोन मिनिटें विसांवा द्यावा. तीन प्रयत्नांत आवाज, धूर आणि धुराचा रंग हे तिन्ही साक्षीदार आपली साक्ष देऊन मोकळे होतात. चौथ्या प्रयत्नानें नवें कांहीं कळत नाहीं, बॅटरी मात्र उतरते. तेव्हां किल्ली काढून खिशांत ठेवावी, दोष कोठें आहे तिकडे लक्ष द्यावें, आणि घाई नसेल तर गाडीवर ऊन येईपर्यंत स्वस्थ बसावें.