राणीच्या बागेतला फुलांचा बाजार

भायखळ्याची राणीची बाग म्हटलं की मुंबईकराला आधी पेंग्विन आठवतात, मग वाघ. झाडांचा नंबर बराच मागे. अपवाद फक्त जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या तीन दिवसांचा. महापालिकेचं पुष्पप्रदर्शन भरतं आणि लोक कुंड्यांपुढे रांगा लावतात.

येणाऱ्यांच्या अपेक्षा मात्र एकसारख्या नसतात. बहुसंख्यांना हव्या असतात प्रतिकृती. दरवर्षी एक विषय ठरतो, २०२५ साली तो राष्ट्रीय प्रतीकांचा होता. लोखंडी सांगाड्यावर शेवंती, जरबेरा, गुलाब खोचून उभारलेल्या या आकृत्यांपुढे फोटो काढायला ही झुंबड उडते. आजीला खुर्चीवर बसवा, नातवाला पुढे उभं करा, मागच्या काकांना म्हणा, ‘जरा बाजूला व्हा हो’. दोन मिनिटांत फोटो घरच्या ग्रुपवर. ही मंडळी खूश होऊन जातात आणि त्यांना नाक मुरडण्यात अर्थ नाही. ज्या घरात खिडकीच्या जाळीत एक तुळस कशीबशी जगते, तिथल्या माणसाला एवढी फुलं एका जागी बघायला मिळणं हीच चैन आहे.

हिरमोड होतो तो गच्चीवर बाग करणाऱ्यांचा. त्यांना पिटुनियाच्या गालिच्यापेक्षा कुंडीत लगडलेली वांगी आणि बोन्साय बघायचे असतात. त्यातही बघण्यापेक्षा विचारायचं जास्त असतं.

‘दादा, हे माझ्याकडे नुसतं वाढतं, फूल धरत नाही.’

‘ऊन किती वेळ येतं?’

‘सकाळी तासभर.’

‘मग कसं धरेल, ताई?’

एवढ्या संवादासाठी माणूस डोंबिवलीहून येतो. पण रविवारी दुपारी मागून गर्दी ढकलत असते, पाटीवरचं नाव वाचेपर्यंत आपण पुढच्या झाडापाशी पोचलेले असतो. शिवाय खुडलेली फुलं मुंबईच्या उन्हात तिसऱ्या दिवसापर्यंत मान टाकतात. खरंच झाडं बघायची असतील त्यांनी पहिल्या दिवशी सकाळीच यावं.

माझी तक्रार वेगळीच आहे. १८६२ साली व्हिक्टोरिया गार्डन्स म्हणून खुली झालेली ही बाग, म्हणजे आजचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, मुळात वनस्पती उद्यान आहे. पन्नासेक एकरांत देशोदेशीची झाडं इथे रुजली. पोट सुटलेली आफ्रिकी गोरखचिंच आहे. खोडालाच फुलं येणारा कैलासपती आहे. आणि मूळची ब्रह्मदेशची उर्वशी! थंडी सरता सरता तिच्या फांद्यांवरून तांबड्या फुलांचे घोस खाली लोंबू लागतात, निरखून पाहिलं तर पाकळीच्या टोकाशी पिवळा ठिपका दिसतो. कुणी खोचलेली नसलेली ही फुलं. प्रदर्शनाला लोटलेल्या गर्दीतले किती जण तिच्याखाली थांबतात?

लोकांचा दोष नाही. त्यांना मंडपात काय आहे ते सांगितलं जातं, बागेत काय आहे ते नाही. मंडपातून बाहेर पडणाऱ्या वाटेवर उर्वशीकडे, गोरखचिंचेकडे बाण दाखवणाऱ्या ठळक मराठी पाट्या लावायला पालिकेला फारसा खर्च येणार नाही. झाडाखाली एखादा जाणता माळी बसवला, तर डोंबिवलीच्या ताईंचीही सोय होईल.