डोंगर कसा उभा आहे, यावर पाऊस ठरतो

भारताचं हवामान समजून घ्यायचं असेल तर आधी नकाशातले डोंगर बघा. मला हा विषय मनापासून आवडतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितोय.

जूनमध्ये विषुववृत्त ओलांडून, सोमालियाच्या किनाऱ्याजवळून जोरदार वारे अरबी समुद्रावर येतात. ते इथवर येतात कारण उन्हाळ्यात तापलेल्या उत्तर भारतावर हवेचा दाब कमी झालेला असतो. या बाष्पाने भरलेल्या वाऱ्यांना सह्याद्री आडवा येतो. हवा वर चढते, थंड होते आणि पाऊस कोसळतो. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातला माण तालुका मात्र पर्जन्यछायेत येतो आणि तिथे जेमतेम पाचशे! एकाच जिल्ह्यात इतकी तफावत, हे मला आजही थक्क करतं.

आता अरवली पाहा. ती या वाऱ्यांना जवळपास समांतर आहे, त्यामुळे वारे अडतच नाहीत. राजस्थान कोरडा राहण्याचं हे एक कारण.

हिमालय तर दुहेरी काम करतो. उन्हाळ्यात बाष्प अडवतो, हिवाळ्यात मध्य आशियातली बोचरी थंडी रोखतो.

तमिळनाडूचं गणित वेगळंच. तिथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर, बंगालच्या उपसागरावरून येतो.

तुमच्या गावाला पाऊस कोणत्या दिशेने येतो आणि वाटेत कोणता डोंगर लागतो, ते कमेंटमध्ये नक्की लिहा.