दूधभाताचा हिशेब

पहाटे साडेतीन वाजता आमच्या घरी वसुली अधिकारी येतो. खरं म्हणजे येते. आधी पलंगाच्या कडेवर एक पंजा, मग उशीशी हलकासा ओरखडा, आणि तरीही कर्जदार जागा झाला नाही तर सरळ छातीवर बैठक. तिचं नाव सोनी. वय दहा महिने. माजिवड्याच्या आमच्या सोसायटीत, पार्किंगमध्ये एका स्कूटरच्या सीटखाली गेल्या पावसाळ्यात सापडलेली. अकराव्या मजल्यावर राहते, गॅलरीला जाळी आहे, त्यामुळे खालचं जग तिला फक्त दिसतं : उड्डाणपुलावरचे ट्रक, मेट्रोचे खांब, आणि घोडबंदर रोडकडे वळू पाहणाऱ्या गाड्यांची न संपणारी रांग.

तीस-बत्तीस वर्षं बँकेत काढल्यामुळे वसुलीची मला दोन्ही बाजूंनी सवय आहे. मी मुकाट्याने उठायचो, डब्यातलं मूठभर कोरडं खाणं वाटीत टाकायचो आणि पुन्हा आडवा व्हायचो. सहाला आमची सौ. उठायची. वाटी रिकामी बघून तिच्या पोटात कालवायचं. ती पुन्हा मूठभर टाकायची आणि वर बशीत दूध. आठला शाळेत जाण्यापूर्वी नात आपला वाटा उचलायची. अकराला कामाच्या ताई यायच्या, त्यांच्या मते तर हे घर मांजरीला उपाशीच ठेवतं. ‘काका, बघा कशी ओरडते बिचारी!’ म्हणजे चार खिडक्या, चारही खिडक्यांवर पैसे देणं चालू, आणि लेजर कुणाकडेच नाही. आमच्या शाखेत असं घडलं असतं तर माझी चौकशी लागली असती.

नसबंदीनंतर दोन महिन्यांनी सोनीला टोचणीसाठी नेलं तेव्हा डॉक्टर बाईंनी तिला काट्यावर ठेवलं. तीन किलो आठशे. मी कौतुकाने सौ.कडे पाहिलं. बाई म्हणाल्या, ‘काका, हात पुढे करा.’ माझ्या हाताची मूठ वळवली आणि बोटांच्या पेरांवरून माझंच दुसरं बोट फिरवायला लावलं. ‘बरगड्या अशा लागल्या तर मांजर हडकुळं. आता हात सरळ धरा आणि पंजाच्या पाठीवरून बोट फिरवा. हाडं दिसत नाहीत, पण लागतात. असं हवं. आता तळव्यावरून फिरवा.’ मी फिरवलं. मग त्यांनी माझी बोटं सोनीच्या बरगड्यांवर ठेवली. तळवाच होता.

‘हिच्या बांध्याला सव्वातीन किलो पुष्कळ,’ बाई म्हणाल्या. ‘नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज कमी होते. पाव हिश्शाने, कधी त्याहून जास्त. किती देता रोज?’

साधा प्रश्न. चार माणसांच्या घरात एकालाही उत्तर देता आलं नाही.

घरी येऊन मी जुनी डायरी काढली. निवृत्त बँकवाल्याच्या हातात प्रश्न दिला की तो रकाने आखतो, याला इलाज नाही. बाईंनी सांगितलेलं सूत्र असं : मांजराचं वजन किलोत घ्या, त्याचा घन करा, त्याचं वर्गमूळ काढा, आलेल्या उत्तराचं पुन्हा वर्गमूळ काढा आणि ७०ने गुणा. चार किलोचं मांजर धरा. चाराचा घन ६४, वर्गमूळ ८, पुन्हा वर्गमूळ २.८३, गुणिले ७० म्हणजे साधारण १९८. नुसतं पडून राहायला एवढ्या कॅलरी लागतात. घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या मोठ्या मांजरासाठी याला १.२ने गुणायचं. चार महिन्यांच्या वाढत्या पिल्लाला अडीच पटसुद्धा लागतं. सोनी या दोन्हींच्या मधली. दिवसभर पडद्यांवर चढणारी, पण वाढ बरीचशी पुरी झालेली. तिच्यासाठी बाईंनी १.४ धरला आणि वजन आजचं नाही, असायला हवं ते. उत्तर आलं २३५च्या आसपास.

मग प्रत्यक्ष खर्च काढला. आठवडाभर कुणालाही न सांगता मी डबा सकाळ-संध्याकाळ काट्यावर ठेवत होतो. कोरडं खाणं रोज सरासरी ८० ग्रॅम जात होतं. पिशवीवर छापल्याप्रमाणे १०० ग्रॅमला ३८० कॅलरी, म्हणजे ३०४ झाल्या. वाटीभर दूध, त्याच्या ६५. उकडलेली मासळी, तिच्या ८०. एकूण ४४९. जवळजवळ दुप्पट ओव्हरड्राफ्ट, आणि मंजुरी कुणाचीच नाही.

मासळीचा उल्लेख आला, तिथे थोडं थांबलं पाहिजे. आमचं घर शाकाहारी. सौ.च्या माहेरी कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. आज तीच बाई नाक्यावर कोळणीसमोर उभी राहून मांदेली निवडते, हे मला दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पहिल्या दिवशी कोळणीने विचारलं होतं, ‘कोनासाठी नेतेस गो बाय?’ सौ. म्हणाली, ‘मांजरीसाठी.’ एवढं बोलायलाही तिला कष्ट पडले. पण ती गेली, याला कारण सोनी नाही. ठमी आहे.

ठमी आमच्याकडे १९८९ साली डोंबिवलीला आली. पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांची जागा. सुरुवातीला ती जिना उतरून हिंडायची. मग शेजारच्या घरात दुधाचं पातेलं पालथं झालं, सोसायटीच्या सभेत विषय निघाला, आणि आम्ही तिला घरातच ठेवू लागलो. तोवर चाळीतल्या, वाड्यातल्या मांजरांचा जमाखर्च सोपा होता. माणसं दूध-पोळी देत, बाकीचं मांजर स्वतः बघे. उंदीर, पाल, चिमणी, कुणाच्या तरी मोरीजवळ टाकलेली मासळीची डोकी. आपण समजत होतो मांजर दूधभातावर जगतं. जगत होतं ते दूधभाताखेरीज जे मिळे त्यावर. ठमीचा जिना बंद झाला तेव्हा ते उरलेलं सगळं बंद झालं, आणि आमच्या लक्षातही आलं नाही.

सौ. तिला प्रेमाने भरवायची. दूधभात, दहीभात, तुपाचं बोट लावलेली पोळी. ठमी पोटभर खायची, अंगाने गोल होती, लोक म्हणत काय सुखी मांजर आहे! १९९३च्या सुमारास तिचे डोळे फार सुंदर दिसू लागले. बाहुल्या भरदिवसा मोठ्या, आतून नाण्यासारखी चमक. पाहुण्यांना आम्ही कौतुकाने दाखवायचो. मग ती टीपॉयला धडकू लागली. आम्ही म्हटलं, वय झालं. चार वर्षांच्या मांजराचं! पुढच्या वर्षी एका दुपारी ती गॅलरीच्या कठड्यावर उडी मारायला गेली. रोजची उडी होती. अंदाज चुकला.

हे मी डॉक्टर बाईंना सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘इतक्या वर्षांनी नक्की सांगता येणार नाही. पण तुम्ही वर्णन करताय ते टॉरिनच्या अभावासारखं आहे.’

टॉरिन हा मांसात, मासळीत असणारा पदार्थ. कुत्रा तो बहुधा आपल्या शरीरात बनवू शकतो, मांजराला पुरेसा बनवता येत नाही. गाईच्या दुधात तो नाममात्र, भातात आणि पोळीत मुळीच नाही. तो मिळाला नाही की महिने-वर्षं जाऊन डोळ्यांचा पडदा निकामी होतो. हे ‘सायन्स’ या नियतकालिकात १९७५ साली छापून आलं होतं. १९८७ साली त्याच नियतकालिकात कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं की टॉरिन कमी पडलं तर मांजराचं हृदयही फुगून दुबळं होतं. विशेष म्हणजे ती मांजरं विकतचं, तयार खाणं खाणारी होती. म्हणजे हिशेब कारखानदारांचाही चुकला होता. त्यानंतर त्यांनी खाण्यात टॉरिन वाढवलं. गाजर-भोपळ्यातल्या रंगद्रव्यापासून मांजराला अ जीवनसत्त्वही करता येत नाही. आपण खातो ते सर्व पचवून आपल्याला हवं ते बनवणारी आपली जात, आणि तयार मालच लागणारी ही.

ठमी आली तेव्हा पहिली गोष्ट छापून चौदा वर्षं झाली होती. रोज सकाळी दोन वर्तमानपत्रं वाचणारा मी, कर्जदाराचे तीन वर्षांचे ताळेबंद मागवल्याशिवाय सही न करणारा मी, एका जिवाला काय लागतं हे कुणालाही विचारायला गेलो नाही. परळचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून तिथे उभं आहे. रोज लोकलने त्याच्या अंगावरून जात होतो.

असो. सोनीकडे वळू.

दूध बंद झालं. बहुतेक मोठ्या मांजरांना ते धड पचतही नाही. नातीने चमच्याने श्रीखंड चाटवलं होतं तेव्हा ‘हिला गोड आवडतं’ असं घरात जाहीर झालं होतं. २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की मांजराच्या जिभेला गोड चवच कळत नाही, ती ओळखणारं जनुकच मोडकं आहे. श्रीखंडात सोनीला आवडला तो चक्क्यातला स्निग्धांश. नातीला हे पटलेलं नाही.

आता रोज सकाळी ४५ ग्रॅम कोरडं खाणं मोजून एका स्टीलच्या डबीत ठेवलं जातं. दिवसभर कुणीही, कितीदाही द्या, पण त्या डबीतूनच. संपलं की खिडकी बंद. शिवाय ६० ग्रॅम मासळी, मीठ-हळद-कांदा-लसूण काहीही न घालता उकडून, काटे काढून. कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला विषारी, कच्च्या मासळीत कधी कधी ब-१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो, आणि नुसत्या मासळीवरही मांजर ठेवायचं नसतं. एकदम उपास घडवून बारीक करायचं तर मुळीच नाही. जाड मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. बाईंनी हे दोनदा बजावलं. आम्हीही महिनाभर थोडं थोडं कमी करत आकड्यावर आलो.

एका उंदरात साधारण ३० कॅलरी असतात म्हणे. म्हणजे सोनीचं दिवसाचं जेवण आठ उंदीर, आणि ते आठ वेळा दबा धरून, चुकून, धावून. म्हणून तिला एका वेळी भरलेली वाटी नको असते, हवे असतात आठ घास. लंडनच्या पोस्टाने १८६८ साली मनीऑर्डर खात्यात तीन मांजरं नेमली तेव्हा त्यांच्यासाठी आठवड्याला दोन शिलिंग मागितले गेले होते. वरिष्ठांनी एक मंजूर केला, बाकीचा मोबदला मांजरांनी उंदरांतून भागवावा, असा शेरा मारून. हा शेरा वाचून मला आमच्या विभागीय कार्यालयाची आठवण आली. पण शेरा मारणाऱ्याला मांजर कळत होतं. अकराव्या मजल्यावर उंदीर नाहीत, तेव्हा आम्ही प्लास्टिकच्या बाटलीला भोकं पाडून तिच्यात दाणे घालतो. सोनी ती ढकलत घरभर फिरवते, एकेक दाणा पडतो. शेवटचा हप्ता रात्री अकराला, तोही आधी दहा मिनिटं दोरीमागे पळवून. तेव्हापासून वसुली साडेतीनऐवजी साडेपाचला येते. एवढी सवलत या वयात पुष्कळ आहे.

दर रविवारी मी तिला उचलून वजनकाट्यावर उभा राहतो, मग तिला खाली ठेवून एकटा. दोन्ही आकडे नात डायरीत लिहिते आणि वजाबाकी करते. माझा आकडा ती मोठ्याने वाचते, हे मला मंजूर नाही. गेल्या रविवारी सोनी तीन किलो चारशे भरली.

काल डायरी उघडली तर गुरुवारच्या रकान्यात, माझ्या आकड्यांच्या बाजूला, सौ.च्या अक्षरात एक नोंद होती : ‘एक मांदेली जास्त. मी दिली.’ खाली सहीसुद्धा.