हॉर्सरॅडिश आणि शेवगा : एका नावाचे स्थलांतर

इंग्रजीतील पाकशास्त्राच्या व आरोग्यविषयक लेखनात 'हॉर्सरॅडिश' नावाच्या एका तिखट मुळाचा उल्लेख वारंवार येतो. ते किसून सिरक्यात घालावे, भाजलेल्या मांसाबरोबर वाढावे, त्याने चोंदलेले नाक मोकळे होते, भूक लागते, अशा आशयाची वाक्ये मराठीत उतरवताना पहिली अडचण शब्दाचीच पडते. शोध घेणाऱ्यास 'हॉर्सरॅडिश ट्री' म्हणजे शेवगा, असे उत्तर मिळते; आणि त्यातील 'ट्री' हा शब्द एकदा निसटला की युरोपातील एका झुडपाच्या मुळाचे सारे गुण शेवग्याच्या मुळाला जाऊन चिकटतात. बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या गावी, जेथे शेवगा ही परसातली आणि बांधावरची नित्याची वस्तू आहे, तेथे असे वाक्य वाचणाऱ्याला मूळ शोधायला लांब जावे लागत नाही. चूक कोशाच्या पानावर होते. तिचा परिणाम मात्र पोटात होतो. म्हणून ह्या नावाचा इतिहास थोडा तपशिलाने पाहणे इष्ट होय.

खरे हॉर्सरॅडिश म्हणजे वनस्पतिशास्त्रातील आर्मोरॅशिया रस्टिकाना. मोहरी, मुळा, कोबी ह्यांच्या कुळातील ही वनस्पती थंड हवेची आहे. तिच्या नावातील 'हॉर्स' ह्या शब्दाचा घोड्याच्या खाद्याशी संबंध नाही. इंग्रजीत वनस्पतींच्या नावांमागे हा शब्द 'मोठे, राकट, जाडेभरडे' ह्या अर्थाने लागतो. मराठी वाचकाला हे नवल वाटू नये. 'घोडचूक' आणि 'घोडनवरी' ह्या शब्दांत आपणही घोड्याला अगदी ह्याच कामाला जुंपले आहे.

हे नाव शेवग्याला मिळाले ते हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांमुळे. मायदेशी मांसाबरोबर लागणारे मूळ येथे सहजी मिळेना. तेव्हा शेवग्याच्या कोवळ्या रोपाचे मूळ किसून त्यांनी आपली गरज भागवली आणि झाडाला 'हॉर्सरॅडिश ट्री' म्हणू लागले. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या यूल व बर्नेल ह्यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' ह्या कोशात ह्या नावाची स्वतंत्र नोंद आहे. त्याच कोशात 'ड्रमस्टिक' हे मद्रास इलाख्यातील बोलीचे नाव म्हणून दिले आहे. एकच झाड; एका नावात त्याचे मूळ दिसते, तर दुसऱ्यात त्याची शेंग. नाव देणाऱ्याची दृष्टी वस्तूच्या कोणत्या भागावर खिळली होती, हे नावावरून ओळखता येते, त्याचे हे चांगले उदाहरण आहे.

मुळाच्या तिखटपणावरून नाव देणारे इंग्रज पहिले नव्हते. संस्कृतात ह्या झाडाला शिग्रु व शोभांजन ही नावे आहेत, आणि अमरकोशात त्यांच्या जोडीला 'तीक्ष्णगंधक' असेही एक नाव येते. त्याच्या बीजाला तर अमरकोश 'श्वेतमरिच', म्हणजे पांढरे मिरे, म्हणतो. ह्याच उग्र गुणामुळे की काय, मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाला वर्ज्य सांगितलेल्या पदार्थांत शिग्रुकाचा समावेश आहे. 'शिग्रु' हा शब्द ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात एका जनाचे नाव म्हणूनही आढळतो; झाडाचा आणि त्या जनाचा संबंध काय, ह्यावर तर्क पुष्कळ करता येतील, परंतु प्रस्तुत विषयाला त्यांचा उपयोग नाही.

शिग्रु शब्दाचे प्राकृत रूप 'सिग्गु'. त्याच्याशी मराठीतील शेगट, शेगवा व शेवगा ही रूपे जोडली जातात. 'शेगवा' आणि 'शेवगा' ह्यांत ग-वचा वर्णव्यत्यय उघड दिसतो. 'शेवग्याची शेंग' ह्या सानुप्रास जोडीमुळे झाडाचे नाव शेंगेवरून आले असावे असा समज होणे स्वाभाविक आहे; पण शिग्रुपासूनची वाट सरळ असता ही कल्पना करण्याचे कारण नाही. मालवणीत पाल्याची भाजी 'शेगलाची भाजी' होते. हिंदी 'सहजन' मात्र शोभांजनाच्या वंशातील. दक्षिणेकडे पाहावे तर तमिळ मुरुंगै, मलयाळम मुरिंगा, तेलुगू मुनग आणि कन्नड नुग्गे असा निराळाच गोतावळा भेटतो. त्यातील मुरिंगापासून 'मोरिंगा' हे शास्त्रीय नाव घडले. लामार्कने १७८५ मध्ये दिलेले 'मोरिंगा ओलेइफेरा' हे द्विपद आज रूढ आहे. युसूफ वडगाव ज्या बीड जिल्ह्यात येते तो जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता, आणि हैदराबादी दखनीत शेवग्याच्या शेंगेला 'मुनगे की फल्ली' म्हणतात. म्हणजे मराठी शेवगा आणि दखनी मुनगा ही दोन स्वतंत्र कुळांतली नावे एकाच राज्यात नांदली. (तमिळ कथापरंपरेत वेताळ लोंबकळतो तोही मुरुंगैच्याच झाडाला.)

आता प्रश्न असा की, इंग्रजांच्या जिभेला जे साम्य जाणवले ते खरे होते काय? होते. हॉर्सरॅडिशच्या मुळात सिनिग्रिन नावाचे द्रव्य असते. मूळ अखंड असेपर्यंत त्याला फारसा वास येत नाही. ते किसले की पेशी फुटतात, मायरोसिनेज हे विकर सिनिग्रिनशी मिसळते आणि अॅलिल आयसोथायोसायनेट हे झणझणीत तेल मोकळे होते. सिरका घातला की ही क्रिया थांबते. म्हणून किसल्यानंतर सिरका किती वेळाने घालावा ह्यावर तिखटपणा अवलंबून राहतो. शेवगा वेगळ्या कुळातला असला तरी वनस्पतिशास्त्र ही दोन्ही कुळे एकाच गणात घालते, आणि त्याच्या मुळातही बेंझिल आयसोथायोसायनेट देणारी ह्याच जातीची द्रव्ये असतात. १९४६ साली भारतीय संशोधकांनी शेवग्याच्या मुळातील जंतुनाशक द्रव्याला 'टेरिगोस्पर्मिन' नाव देऊन त्याची माहिती 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. पुढे १९८१ मध्ये बियांचा अभ्यास झाला, तेव्हा हा गुण आयसोथायोसायनेटांचाच असल्याचे दिसून आले. जिभेने केलेले वर्गीकरण रसायनशास्त्राने असे बव्हंशी मान्य केले.

तथापि साम्य तेथे संपते. शेवग्याच्या मुळाच्या सालीत अल्कलॉइडे असतात, आणि गर्भपातासाठी तिचा वापर होत असल्याचे परंपरेलाच ठाऊक आहे. गरोदर स्त्रीने तर ते मूळ पोटात घेऊच नये. आयुर्वेदाने शिग्रु तीक्ष्ण व उष्ण मानला. चरकसंहितेत स्वेदोपग, म्हणजे घाम आणण्यास साहाय्यक, अशा द्रव्यांच्या गणाचा आरंभ शोभांजनाने होतो. औषध म्हणून जाणत्याने मात्रेने वापरण्याची वस्तू आणि ताटात रोज वाढण्याची वस्तू ह्यांतील भेद तेथे पाळलेला आहे. मराठी स्वयंपाकातही तो पाळला जातो: पाला, फुले आणि शेंगा ह्यांची भाजी होते, मुळाची होत नाही. 'हॉर्सरॅडिश रोज चमचाभर खावे' हे वाक्य 'शेवग्याचे मूळ रोज चमचाभर खावे' असे छापले गेले, तर शतकानुशतके राखलेली ही सीमा एका शब्दाने पुसली जाते. हॉर्सरॅडिशचे गुणही बेताबेतानेच सांगितले पाहिजेत. जर्मनीत ते नॅस्टर्शियमबरोबर मूत्रमार्गाच्या व सायनसच्या तक्रारींवर औषध म्हणून विकले जाते हे खरे. पण जठरव्रण असलेल्याला ते सोसत नाही, हेही तितकेच खरे.

शेवग्याचा खरा लाभ पाल्यात आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत १०० ग्रॅम ताज्या पाल्यात ६.७ ग्रॅम प्रथिने, ४४० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २२० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिले आहे; शेंगेत प्रथिने २.५ ग्रॅम आणि कॅल्शियम अवघे ३० मिलिग्रॅम. बाजारात पाल्याच्या भुकटीची तुलना ताज्या संत्र्याशी व दुधाशी करतात, ती मात्र फसवी होय. वाळवल्याने पाणी उडून जाते व बाकीचे आकडे फुगतात, आणि क जीवनसत्त्वाचा मोठा भाग वाळवण्यातच नष्ट होतो. मूगडाळ व लसूण घालून केलेली पाल्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी ह्यांना अशा जाहिरातीची गरज नाही. दुष्काळी भागात कमी पाण्यावर तग धरणारे झाड म्हणूनही शेवग्याचे मोल मोठे. शेंगा घातलेली आमटी व पिठले ही तर मराठवाड्याच्या ताटातली घरोब्याची गोष्ट. ती शेंग दातांखाली धरून ओढण्यातले सुख कोष्टकात मावत नाही. असो.

मग हॉर्सरॅडिशला मराठीत काय म्हणावे? शब्द म्हणून 'हॉर्सरॅडिश' हाच ठेवावा. परंतु पाककृतीत त्याचे काम करणारा पदार्थ विचारला, तर तो शेवग्यात शोधू नये. तो मराठी स्वयंपाकघरात आधीपासून आहे, आणि तो म्हणजे फेसलेली मोहरी. मोहरी हॉर्सरॅडिशच्याच कुळातली, आणि सिनिग्रिन हे तिच्यातील तिखट द्रव्यांपैकी एक. ती कुटून गार पाण्यात फेसली म्हणजे तेच विकर तसेच काम करते आणि वास नाकाला चढतो. फोडणीत मात्र कडकडीत तेलामुळे हे विकर निकामी होते, त्यामुळे तडतडलेली मोहरी खमंग लागते, झणझणीत लागत नाही. लोणच्यासाठी मोहरी फेसणाऱ्या बायका हा भेद जाणून असतात: पाणी गार घ्यावे, आणि नाकाला झिणझिण्या येईपर्यंत हात थांबवू नये.