भाताच्या पायऱ्यांवर दोन रात्री

फिलिपिन्स म्हटलं की आपल्याला आठवतात ते बीच. ऑफिसात कुणाच्या तरी फोनमध्ये पांढऱ्या वाळूचे फोटो असतातच. पण याच देशात उत्तरेला, इफुगाव प्रांतात, अख्खेच्या अख्खे डोंगर भातखाचरांच्या पायऱ्यांनी भरलेत. यंदा काहीतरी हटके करायचं असेल तर बीचचे दोन दिवस कापा आणि इकडे या. जून २०२५ पासून भारतीय पर्यटकांना १४ दिवसांपर्यंत व्हिसाही लागत नाही.

मनिलाहून रात्रीची बस पकडायची. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर, नऊ-दहा तास. एसी इतका कडक की मे महिन्यातही स्वेटर आणि कानटोपी लागते. हसू नका, शेजारचा फिलिपिनो चक्क ब्लँकेट घेऊन आलेला असतो!

पहाटे तुम्ही बानावेला उतरता आणि इथेच बहुतेक जण चुकतात. ट्रायसिकल करायची (म्हणजे बाजूला डबा जोडलेली मोटारसायकल), व्ह्यूपॉइंट गाठायचा, सेल्फी काढायचा आणि रात्रीच्या बसने परत. वीस पेसोच्या नोटेवर जी खाचरं छापलीत ती हीच, त्यामुळे मोह होणारच. पण गंमत अशी की युनेस्कोने १९९५ मध्ये जागतिक वारसा म्हणून निवडलेल्या पाच ठिकाणांत ही नाहीत. त्यातलं बाताद बघायचं तर आणखी पुढे जावं लागतं, आणि तिथे किमान दोन रात्री हव्यात.

मोठी बॅग बानावेच्या लॉजवर ठेवा. जीपनीने किंवा ट्रायसिकलने रस्ता संपेपर्यंत जायचं, पुढे पायी. पाठीवर छोटी सॅक, टॉर्च, रेनकोट. कॅश मनिलातच काढा आणि सुट्टे ठेवा. बातादमध्ये कार्ड दाखवलंत तर लोक ते कौतुकाने बघतील, एवढंच. व्हेज मंडळींनो, भाजीत कोळंबीची आंबवलेली पेस्ट असू शकते, तिचं नाव बागोओंग. ऑर्डर देतानाच विचारून घ्या. भात आणि अंडी मात्र मिळतात. मी मेतकूट नेलं होतं. तिथल्या गरमागरम भातावर काय लागलं म्हणून सांगू!

कधी जायचं? हिरवंगार हवं असेल तर एप्रिल-मे, पिवळं धमक जूनअखेरीला. डिसेंबर ते फेब्रुवारी खाचरांत पाणी भरलेलं असतं, त्यात आभाळ दिसतं. गावागणिक हे थोडं पुढेमागे होतं. जुलै ते ऑक्टोबर मात्र टाळा. वादळं येतात, दरडी कोसळतात, रस्ते बंद होतात.

आता बुटांबद्दल. ग्रिप चांगली हवी, कारण चालायचं असतं बांधावरून. एका बाजूला चिखल, दुसऱ्या बाजूला दीड-दोन पुरुष खोल खालचं खाचर. पहिल्याच दिवशी फोटोच्या नादात माझा पाय कडेवर पडला आणि वीतभर बांध ढासळला. पाणी भसाभसा खाली जायला लागलं. आमचे गाइड साठीचे असतील. काही बोलले नाहीत. खाली वाकले, हाताने चिखल लिंपला, वर एक दगड दाबला, हात धुतले आणि चालू लागले. मी ‘सॉरी’ म्हणाले तेव्हा हसून म्हणाले, त्यांचा मुलगा शहरात नोकरीला आहे, आता हे काम त्यांचंच.

हे एका घरचं नाही. तरुण मुलं शहराकडे गेली की बांध बघायला माणूस उरत नाही. फुटलेला एक बांध वेळेत लिंपला नाही तर त्याखालची खाचरंही जातात. याच पडझडीमुळे २००१ ते २०१२ ही जागा युनेस्कोच्या ‘धोक्यातल्या वारशां’च्या यादीत होती. म्हणून गाइड गावातलाच घ्या, राहायचंही गावातल्या घरात, आणि दोन-चारशे पेसोंसाठी घासाघीस करू नका. ती हौस आपल्या फॅशन स्ट्रीटवर भागवा.

गाइड सांगतील की ही खाचरं २००० वर्षांची आहेत. काही पुरातत्त्व अभ्यासकांच्या मते मात्र यातली बरीचशी चारशेएक वर्षांपूर्वीची, स्पॅनिश आल्यावर लोक डोंगरात वर सरकले तेव्हाची. बांधावर उभं राहून हा वाद घालू नका, तोल जाईल.

आणखी दोन गोष्टी. पारंपरिक पोशाखातल्या आजींचा फोटो काढण्याआधी विचारा, थोडे पैसे द्यावे लागतात. आणि लाल पिंका दिसल्या तर दचकू नका, तिथेही सुपारी-चुना-पान चालतं, त्याला ‘मोमा’ म्हणतात.

परतीचं बसचं तिकीट बानावेला उतरल्या उतरल्याच काढून ठेवा. आणि कोरडे मोजे वेगळ्या पिशवीत न्या. तो चिखल बुटांतून लवकर निघत नाही.