जुन्या गाडीला नवा पत्रा : आधी माप, मग जुळणी, शेवटी रंग

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. १९६४ मध्ये ती फियाट डिलाइट या नावाने निघू लागली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली. बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ॲम्बेसेडर निघणेही मे २०१४ मध्ये थांबले. टॅक्सी गेली, कारखाने थांबले, पण खाजगी मालकांच्या दारात या गाड्या अजून उभ्या आहेत आणि त्यांना पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस वाढते आहे. हौस वाढली की कामही वाढते. ज्या डेंटरच्या हातात जुन्या पत्र्याचे हुनर आहे, त्याच्यासाठी ही रोजीची संधी आहे. ज्याच्या हातात ते नाही, त्याच्याकडे गाडी दिली तर मालकाचे पैसे दोनदा जातात. माझे गेले आहेत, म्हणून हे लिहितो.

घरातील जुनी डिलाइट मी एका गॅरेजात दिली होती. मडगार्ड आणि दरवाजे बदलायचे ठरले. कारागिराने नवे पत्रे जमिनीवर ठेवून आधी सुरेख रंगवले आणि मग गाडीवर चढवायला घेतले. भोके जुळेनात. त्याने कानस लावून भोके मोठी केली, पत्रा ठोकून वाकवला, कडांचा रंग उडाला. दरवाजा बंद करताना मडगार्डला घासू लागला. शेवटी सगळे उतरवून पुन्हा जुळवावे लागले आणि रंगाचे पैसे मी दुसऱ्यांदा मोजले. कापडाच्या धंद्यात असूनही मला एक साधी गोष्ट सुचली नाही : कोणताही शिंपी धावदोरा न घालता कोटाला पक्की शिलाई मारत नाही. गाडीचेही तसेच आहे.

त्यानंतर एका जाणत्या उस्तादाजवळ बसून हे काम पाहिले. त्याची रीत क्रमाने सांगतो.

पत्रा कुठून घ्यावा

पत्रा तीन प्रकारचा मिळतो. पहिला, कंपनीचा जुना शिल्लक माल. तो महाग असतो, पण बहुधा बसतो. दुसरा, भंगारातील गाडीचा कापलेला भाग. त्याचा आकार अस्सल असतो, मात्र आतून गंज पाहून घ्यावा लागतो. तिसरा, बाहेरच्या कारागिराने साच्यावर बनवलेला नवा पत्रा. तो दिसायला चकचकीत असतो, पण त्याच्या कडा आणि भोके मूळ मापाला क्वचितच तंतोतंत जुळतात. कोणताही घ्या, एक नियम पाळा : नवा पत्रा बसेपर्यंत जुना भंगारात देऊ नका. जुना पत्रा कितीही सडका असला तरी तोच आपला नमुना आहे. भोक कुठे, घडी कुठे, वाक किती, हे त्याच्यावरूनच कळते.

कापण्याआधी माप

ॲम्बेसेडर आणि फियाट या दोन्ही गाड्यांना खाली वेगळी चासी नाही. बॉडी हाच गाडीचा सांगाडा आहे. म्हणून दरवाजाखालचा पट्टा किंवा खांबाचे बूड सडले की गाडी मधोमध वाकते. याची परीक्षा सोपी आहे. गाडी चाकांवर उभी असताना दरवाजा उघडून लावून पहा. मग जॅक लावून बाजू उचला आणि पुन्हा पहा. आता दरवाजा अडकत असेल किंवा फट बदलली असेल तर दोष दरवाजाचा नाही, खालच्या पट्ट्याचा आहे. अशा गाडीला नवा दरवाजा लावणे म्हणजे खचलेल्या भिंतीला नवी चौकट लावण्यासारखे आहे.

जुन्या डिलाइटमध्ये हे अधिक जपावे लागते. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात. त्यामुळे पुढच्या आणि मागच्या, दोन्ही दरवाजांच्या बिजागऱ्या मधल्या खांबावर येतात. दोन दरवाजांचा भार एका खांबावर. त्याचे बूड सडले तर दोन्ही दरवाजे एकदम खाली बसतात.

म्हणून कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीचे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे तिरके माप दोन्ही बाजूंनी घ्यावे आणि वहीत लिहून ठेवावे. गाडीची चांगली बाजू आणि खराब बाजू ताडून पहावी. मग चौकटीत लोखंडी अँगलचे आडवे-तिरके आधार तात्पुरते वेल्ड करून घ्यावे आणि त्यानंतरच सडका पट्टा कापावा. एका वेळी एकच बाजू कापावी. दोन्ही बाजू एकदम उघड्या केल्या तर माप घेण्यासाठी काही उरत नाही.

जुन्या इंपालासारख्या अमेरिकन गाड्यांची तऱ्हा निराळी आहे. त्यांना खाली वेगळी चासी असते आणि बॉडी रबरांवर बसवलेली असते. तिथे दरवाजाची फट बिघडली तर पत्र्याला हात लावण्याआधी ती रबरे दबली आहेत का ते पहावे. रबर बदलून किंवा खाली चकती घालून पुष्कळदा काम भागते.

जुळणीचा क्रम

जुळणी मागून पुढे करावी, कारण मागचे मडगार्ड आणि खांब वेल्डिंगने पक्के असतात. ते सरकत नाहीत. आधी मागचा दरवाजा मागच्या मडगार्डला जुळवावा, मग पुढचा दरवाजा मागच्या दरवाजाला, मग पुढचे मडगार्ड पुढच्या दरवाजाला आणि सर्वांत शेवटी बोनट दोन्ही मडगार्डांना. पुढून सुरुवात केली तर सगळी चूक मागे येऊन जमा होते आणि तिथे ती सरकवायला जागा नसते.

दरवाजा टांगण्यापूर्वी बिजागरीची पिन पहावी. दरवाजा अर्धा उघडून त्याचे टोक हाताने वर उचला. तो खडखडला तर पिन झिजली आहे. ती आधी बदलावी, नाहीतर आज जुळवलेला दरवाजा थोड्याच दिवसांत पुन्हा लोंबेल. दरवाजा जुळवताना खांबावरचा लॉकचा खुंटा काढून ठेवावा. खुंटा जागेवर असला की दरवाजा त्याच्या आधाराने उचलला जातो आणि खोटा जुळलेला दिसतो. एका वेळी एकच बिजागरी सैल करावी, थोडे सरकवावे, कसावे, दरवाजा लावून पहावा. सगळे जमल्यावर खुंटा शेवटी बसवावा.

दरवाजाचे रबर हा आणखी एक फसवा भाग आहे. नवे रबर जाड असते आणि दरवाजाला बाहेर ढकलते. रबराशिवाय जुळवलेला दरवाजा रबर लावल्यावर मडगार्डच्या बाहेर उभा राहतो. म्हणून जुळणी एकदा रबर लावून पहावीच.

ॲम्बेसेडरचे पुढचे मडगार्ड बोल्टांवर बसते. त्याचे सगळे बोल्ट आधी हातानेच दोन-तीन आटे बसवावे. एकही पूर्ण कसू नये. सगळे लागल्यावर मडगार्ड हलवून फट पहावी आणि मगच थोडे थोडे कसत जावे. एक बोल्ट आधी कसला की बाकीची भोके जुळत नाहीत, आणि मग कानस बाहेर निघते.

फट मोजायला महागडे साधन लागत नाही. चार आणि पाच मिलिमीटरचे ड्रिल बिट पुरते. वरपासून खालपर्यंत फटीतून ते फिरवावे. या जुन्या गाड्या कारखान्यातूनही अगदी सारख्या फटीच्या निघत नसत. त्यामुळे फट किती आहे यापेक्षा ती वरपासून खालपर्यंत एकसारखी आहे का, हे पहावे. चौकडीच्या कापडाची शिवण जशी डोळ्याला लगेच टोचते, तशीच तिरकी फट टोचते. रंगाचे थर चढल्यावर फट आणखी थोडी अरुंद होते, तेवढी जागा आधीच सोडावी.

वेल्डिंग आणि पुट्टी

जिथे पत्रा वेल्डच करायचा आहे, तिथे आधी क्लॅम्प लावून, दरवाजा टांगून, फट पाहून घ्यावी. मग लांब लांब अंतरावर एकेक टाका द्यावा : एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, तिसरा मध्ये. प्रत्येक टाका थंड होऊ द्यावा. एका ओळीत सलग वेल्डिंग ओढली की पत्रा तापून लाटा धरतो आणि त्या लाटा मग पुट्टीखाली झाकल्या जातात. पुट्टी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नसावी. जाड पुट्टी आज गुळगुळीत दिसते आणि पुढे तडकते. गाडी विकत घेणाऱ्याने खिशात छोटे लोहचुंबक ठेवावे. जिथे ते धरत नाही, तिथे पत्र्याऐवजी पुट्टीचे पैसे मागितले जात आहेत असे समजावे.

आपल्या किनारपट्टीच्या हवेत गंज आतून येतो. पट्टा बंद करण्याआधी आतल्या बाजूला झिंकचा प्रायमर मारावा. दरवाजाच्या तळाला पाणी निघण्याची भोके असतात, ती पुट्टीने किंवा रंगाने बुजवू नयेत.

व्यवहाराची गोष्ट

मालक आणि कारागीर या दोघांनी ठराव कागदावर करावा. पत्र्याची किंमत वेगळी, मजुरी वेगळी, रंग वेगळा. रंगाआधी सर्व पत्रे बोल्टांवर बसवून, रबर लावून, मालकाला दिवसाच्या उजेडात दाखवायचे आणि मालकाने पसंत केल्यावरच पुढचा हप्ता द्यायचा. यात कारागिराचाही फायदा आहे : रंगानंतर मालक कुरकुर करू शकत नाही.

एक कायद्याची बाबही ध्यानात ठेवावी. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील जुन्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुन्हा नोंदणीला ५,००० रुपये, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. पण गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. म्हणजे हौसेखातर मडगार्ड रुंद करून घेणाऱ्याने आधी विचार करावा. मूळ आकाराचा पत्रा मूळ जागी बसवणारा हात आता अधिक मोलाचा आहे.

आजच्या गाड्यांत चेपलेला भाग बहुधा काढून नवा लावला जातो. ठोकून, जुळवून आकार आणण्याचे काम थोड्याच हातांत उरले आहे. ज्या घरात असा उस्ताद असेल, त्या घरातील मुलाने दोन वर्षे त्याच्याजवळ बसावे. हातोडी धरायला पुढे शिकता येईल. आधी वहीत माप लिहायला आणि घाई न करायला शिकावे.